नुसता पार्ट बदलला

‘दुरुस्त कुठं केलं? नुसता पार्ट बदलला.’

हे वाक्य मी आयुष्यभर स्वतः म्हणत आलो आहे. मोटारसायकलच्या मेकॅनिकबद्दल, मिक्सरवाल्याबद्दल, एकदा तर गुडघा बदलून देणाऱ्या डॉक्टरबद्दलही. परवा नंदुरबारमधल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. बोलणारे माझे स्नेही, तळोद्याकडे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सर आपला जुना रेडिओ घेऊन आले होते. त्यांच्याआधी नवापूरकडचा एक मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसला होता. लग्नसराईत टेम्पोवर वाजणाऱ्या बँडमध्ये तो असतो. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की स्पीकरमधून नुसती खरखर. दुकानदाराने गिटारीच्या पाठीवरचं झाकण उघडलं, बटणाखालचा पॉट काढला, दुसरा लावला, पैसे घेतले. मुलगा पायऱ्या उतरतो न उतरतो तोच सरांनी ते वाक्य टाकलं.

दुकानदार काही बोलला नाही. कुरकुरत राहिलो तो मी. स्वतःचं मत दुसऱ्याने इतक्या सहज म्हणून दाखवावं, याचाच राग आला असावा. घरी मुलीची गिटार आहे, तिलाही हीच खरखर होती. ती घेऊन मी त्याच दुकानात पॉट बदलायला शिकू लागलो. त्यातून सरांचं, म्हणजे माझंच, म्हणणं पक्कं व्हावं अशी मनातून इच्छा होती.

वापरा आणि फेका, बॅटरी न निघणारे फोन, दुरुस्तीचा हक्क या विषयांवर पुष्कळ लिहून झालं आहे. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, हेही वाचकांना ठाऊक असेल. फळ्या एकेक करून बदलल्या तर जहाज तेच राहतं का, हे ग्रीकांचं कोडंही सोडून देऊ. माझा भेद याहून साधा आणि जुना. दुरुस्ती करणारा वस्तूच्या आत शिरतो, बिघाड का झाला ते शोधतो आणि तो तिथल्या तिथे मिटवतो. बदलणारा बिघाडाला हातच लावत नाही. बिघडलेला तुकडा बाहेर काढतो आणि दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या कारखान्यात घडवलेला तुकडा आत ठेवतो. पहिल्याला कारागीर म्हणायचं, दुसऱ्याला फार तर पोचवणारा. इतकी वर्षं या भेदावर माझं छान चाललं होतं.

म्हणून आधी खरी दुरुस्ती करून पाहायची ठरवली. पॉट म्हणजे पत्र्याची एक डबी. तिच्या कडेच्या चिमट्या वाकवल्या की ती उघडते. आत घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची काळी पट्टी असते आणि तिच्यावरून सरकणारा धातूचा काटा. बाहेर तीन पाय: दोन पट्टीच्या टोकांचे, मधला काट्याचा. बटण फिरतं तेव्हा फिरतो तो हा काटा, आणि पट्टीवर तो कुठे टेकला आहे त्यावर आवाजाचा किती हिस्सा पुढे जाईल हे ठरतं. धूळ बसली, वंगण सुकलं की काटा उड्या मारत सरकतो. त्या उड्या म्हणजे खरखर. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण मागेपुढे फिरवलं की बऱ्याचदा काम भागतं. पण मुलीच्या गिटारीतली पट्टीच झिजली होती. काट्याने तिच्यावर वाट पाडली होती. झिजलेला कार्बन परत कसा भरायचा? ते घरी होत नाही, आणि दुकानातही होत नाही. म्हणजे माझ्या लाडक्या अर्थाची दुरुस्ती इथे कुणालाच शक्य नव्हती. बदलणं भागच होतं.

आणि बदलायला बसलो तेव्हा प्रश्न सुरू झाले. दुकानात पॉटचा एक डबाच होता, जुन्या अँप्लिफायरमधले, टेपमधले, काही नवे. त्यातला कुठलाही उचलून लावला तर आवाज येईल का? येईल. पण १० के, म्हणजे दहा किलो-ओहमचा, लावला तर गिटारीचा जीवच निघून जातो, कारण तारांची थरथर टिपणाऱ्या तिच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी दुबळा असतो आणि कमी रोधाचा पॉट त्याला, विशेषतः वरच्या सुरांना, जमिनीत ओतून टाकतो. एकेरी गुंडाळीचा पिकअप असेल तर साधारण २५० के, दुहेरी असेल तर ५०० के अशी रीत आहे. आत बॅटरीवर चालणारा पिकअप असेल तर २५ के चालतो. बरं, डबीवर ५०० छापलं आहे म्हणून ते ५०० असतंच असंही नाही. वीस टक्के इकडेतिकडे चालवून घेतलं जातं, म्हणजे ४०० ते ६०० यातलं काहीही. मीटर लावून बघावं लागतं.

त्यातून एक अक्षर असतं, ए किंवा बी. मला सगळ्यात जास्त गंमत वाटली ती या अक्षराची. बी पॉटची पट्टी सरळ हिशेबाची: बटण अर्धं फिरवलं तर अर्धा व्होल्टेज. कागदावर याहून न्याय्य काय असणार? पण कान हा हिशेब मानत नाही. व्होल्टेज निम्मा केला तर आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून बी पॉट लावलेल्या गिटारीवर बटण खाली आणत गेलं तरी बराच वेळ फारसं काही घडत नाही आणि शेवटच्या टोकाला सगळा आवाज एकदम गळून पडतो. ए पॉटची पट्टी मुद्दाम तिरक्या हिशेबाची केलेली असते. मधोमध व्होल्टेज जेमतेम दहा-पंधरा टक्के, पण कानाला उतार एकसारखा वाटतो. माणसाची इंद्रियं बेरजेने नव्हे तर पटीने मोजतात, हे गुस्ताव फेख्नरने १८६० साली जर्मनीत ग्रंथ लिहून मांडलं. नंदुरबारच्या दुकानदाराने फेख्नरचं नाव ऐकलेलं नाही. तो म्हणाला, ‘भाऊ, बी लावला तर मशीन खूश, ए लावला तर माणूस खूश.’

हे ऐकलं आणि माझ्या भेदाला पहिला तडा गेला. चुकीचा पार्टही चालतो. म्हणूनच बरोबर पार्ट निवडणं ही विद्या होते. किल्ली चुकीची असेल तर कुलूप उघडत नाही, तिथे ज्ञान लागत नाही, हट्ट पुरतो. पॉट चुकीचा असेल तर गिटार वाजते, फक्त वाईट वाजते, आणि कशामुळे वाईट वाजते हे वाजवणाऱ्या मुलाला कधीच कळत नाही. त्याला वाटतं, आपलाच हात बसला नाही.

सोल्डरिंगबद्दल फार लिहीत नाही, ते हातालाच शिकावं लागतं. एकच गोष्ट सांगतो. पॉटच्या डबीच्या पाठीवर सगळ्या अर्थच्या वायरी डाखलेल्या असतात. डबीचा पत्रा उष्णता पिऊन टाकतो, त्यामुळे रेडिओवाल्याची नेहमीची २५ वॅटची आयर्न तिथे अपुरी पडते. आणि जास्त वेळ टेकवून ठेवली तर आतली पट्टी भाजते. दमदार आयर्न, खरवडलेला पत्रा आणि झटपट हात, असं ते काम आहे. त्या वायरींतली एक ब्रिजकडे, म्हणजे थेट तारांकडे जाते. ती सुटली तर गुणगुण सुरू होते. ती असेल आणि जनरेटरला अर्थिंग नसेल, तर अँप्लिफायरमधला एखादा बिघाड वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येऊ शकतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस्ली हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच गेला. आपल्याकडे लग्नाच्या टेम्पोवर अर्थिंगची चौकशी कोण करतं?

हे सगळं मी सरांना सांगितलं. सर काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. म्हणाले, ‘सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जाऊन या. तिथला ढोलवाला ढोल शेकोटीवर शेकतो, कातडं स्वतः ताणतो. त्याच्या ढोलाला व्हॉल्यूमचं बटण नाही, आवाज त्याच्या मनगटात. तुमचा गिटारवाला मात्र खरखर झाली की दुकानात, दुकानात माल नाही तर सुरतेला. बदलणाऱ्याचं परावलंबन ते हेच.’

या बोलण्यात जोर आहे, आणि सुरतेचं तर खरंच आहे. ताप्तीच्या लोहमार्गामुळे आमच्या जिल्ह्याला असल्या मालासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा सुरत जवळची. पण ढोलाचं उदाहरण सरांच्याच अंगावर येतं. कातडं फाटलं की ढोलवाला ते शिवत बसतो का? नवं चढवतो. खोड तेच, कातडं दुसरं. मग सातपुड्यातला ढोलवालाही पार्टच बदलतो! फरक इतकाच की त्याचा पार्ट गावात मिळतो. हे सरांना पटलं नाही. ‘कातडं कमावलेलं असतं,’ म्हणाले. कार्बनची पट्टीही कुणीतरी कमावलेलीच असते, फक्त तो माणूस आपल्याला दिसत नाही.

इथे जरा आडवाट घेतो, कारण गिटार परकी आणि ढोल आपला, असा सरांचा सूर होता. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो आपण अगदी घरचा मानतो. त्याच्यावर २०१६ साली रवी जाधवांनी हिंदी सिनेमाही काढला. पण या बेंजोचा पूर्वज जपानचा. नागोयात १९१२ साली गोरो मोरिता याने तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं. ते भारतात बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप लागला, भोंगे लागले, आणि ते महाराष्ट्राच्या रस्त्यावर आलं. विजेवरच्या बेंजोलाही असंच फिरवायचं बटण असतं, तेही असंच खरखरतं. वाद्य घरचं व्हायला ते घरात जन्मावं लागत नाही. जवळपास कुणाला तरी ते उघडता आलं पाहिजे, एवढं झालं की ते रुळतं.

आणि उघडता येणं हा अपघात नाही, हे मला गिटारीचा इतिहास वाचताना कळलं. १९५० साली बाजारात आलेल्या ज्या गिटारीवरून आजच्या असंख्य गिटारी निघाल्या, ती करणारा लिओ फेंडर. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याने दुकान थाटलं होतं. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. त्याने गिटारीची मानही चिकटवली नाही, स्क्रूने बसवली. बिघडली तर काढून दुसरी लावता यावी म्हणून. रेडिओत असायचा तसाच पॉट त्याने गिटारीत बसवला. बदलणं हे या वाद्याच्या बाबतीत दुरुस्तीचं घसरलेलं रूप नव्हेच. दुरुस्ती करणाऱ्याने स्वतः ते आधीच आत घालून ठेवलं आहे, पुढच्या अनोळखी दुरुस्तीवाल्यासाठी. गिटार वाजवता न येणारा नंदुरबारचा रेडिओवाला या परंपरेत उपरा नाही, थेट वारस आहे.

उलट बाजूचे लोकही आहेत, आणि तेच सरांचे खरे सोबती. जुन्या गिटारींचे संग्राहक पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचतात: १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, पुढे ६५१२ असेल तर १९६५ सालचा बारावा आठवडा. असा मूळ पॉट बदलला की त्यांच्या लेखी गिटारीची किंमत उतरते, तो कितीही खरखरो. त्यांना वस्तू जपायची आहे. नवापूरच्या मुलाला तीच वस्तू लग्नात वाजवायची आहे.

तरी बदलण्याचं हे राज्य सगळीकडे एकसारखं नाही. पॉटमध्येही दोन घराणी आहेत, इंचाचं आणि मिलिमीटरचं. अमेरिकी पॉटचा गळा ३/८ इंच जाड, दांड्याला २४ खाचा. स्वस्त आशियाई गिटारीतल्या पॉटचा गळा बारीक आणि खाचा १८. नवा पॉट भारी आणला तर भोक गोल कानशीने मोठं करावं लागतं आणि जुनं बटण त्याच्यावर बसत नाही. तिथे बदलणाराही पुन्हा कारागीर होतो.

सरांशी शेवटी एका गोष्टीवर अडलं. आयटीआयमध्ये मुलांची परीक्षा कशी घ्यावी, यावर आम्ही बोलत होतो. सर म्हणाले, बिघडलेली वस्तू द्या आणि चालू करून मागा. मी म्हटलं, चालू कुणीही करील. टेबलावर पाच पॉट ठेवा, पाचही चालणारे, आणि विचारा, या गिटारीला यातला कुठला, आणि बाकीचे चार का नाहीत. सर म्हणाले, यात हाताची परीक्षा कुठे आहे? आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही. दरम्यान त्यांच्या रेडिओतही पॉटच गेला होता, आणि दुकानदाराने तो बदलून दिला.