फोटोत चांगले येणे

आपल्या भाषेत फोटो कोणीतरी 'काढतो' आणि त्यात दुसरे कोणीतरी 'येते'. चित्र बिघडले तर आपण चित्रकाराला बोल लावतो, पोलके बिघडले तर शिंप्याला. फोटो बिघडला की मात्र ज्याचा फोटो आहे त्यालाच. 'ती फोटोत चांगली येत नाही' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, पुष्कळांनी उच्चारलेलेही आहे. या वाक्यातून कॅमेरा आणि तो धरणारा हात दोन्ही नाहीसे होतात. मागे उरतो एक चेहरा, आणि सारी उणीव जणू त्याच्यातच असते.

हे वाक्य बहुधा मुलींच्या वाट्याला येते, आणि तेही फार लवकर. दहा-बारा वर्षांच्या वयात ऐकलेला असा शेरा सहसा पुसला जात नाही. पुढे ती मुलगी घरात फोटोची वेळ आली की चहा टाकायला आत जाते, कोणाच्या तरी मागे उभी राहते, 'माझा नको' म्हणते. घरची माणसे तिला संकोची म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षांनी ती जाते, तेव्हा तेराव्याच्या आत चौकटीत लावायला तिचा एक फोटो हवा असतो आणि तो सापडत नाही. मग कोणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा केला जातो. चेहरा धूसर, आणि खांद्याशी शेजारच्या कोणाची तरी बाही तशीच राहिलेली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या जुन्या घरांत अशा किती तसबिरी भिंतीवर आहेत, हे वाचकांनी एकदा आपापल्या दिवाणखान्यात पाहावे. पणजोबांचा फोटो पगडी, उपरणे, काठी आणि मागे रंगवलेला पडदा यांसह घेतलेला. पणजीचा मात्र असा कातरून काढलेला, किंवा नाहीच.

गेली काही वर्षे सुट्टीत आमच्याकडे मुले फोटो काढायला शिकायला येतात. कॅमेरा आता कोणी आणत नाही, सर्वांच्या हाती फोन असतो. 'चांगला फोटो कसा काढायचा' हा त्यांचा प्रश्न. तो कसबाचा वाटतो, पण आमच्या मते तो प्रथम नीतीचा आहे. कारण 'चांगले येणे' ही जबाबदारी कोणाची, याचा निर्णय झाल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. आमचा निर्णय असा की, ती सर्वस्वी काढणाऱ्याची. हे केवळ सौजन्य म्हणून आम्ही म्हणत नाही, त्याला भौतिक कारण आहे.

फोनचा नेहमीचा कॅमेरा पुष्कळ रुंद दृश्य टिपणारा असतो. असा कॅमेरा हातभर अंतरावरून चेहऱ्यावर रोखला, तर जवळचे नाक मोठे दिसते आणि लांबचे कान मागे सरतात. नाक मोठे दिसण्याचे कारण त्या नाकात नसून त्या हातभर अंतरात असते. दोन-अडीच मीटर मागे सरकून दुपटीच्या झूमने तोच चेहरा घेतला, तर तो आपल्या ओळखीचा दिसतो. कारण आपणही माणसांना साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहत आलो आहोत. समूहचित्रातही असेच होते. रुंद भिंगात कडेचे चेहरे आडवे ताणले जातात. मधल्या खुर्च्यांवर वडील मंडळी बसणार, कडेला सुना, लहान जावा आणि गरीब नातेवाईक उभे राहणार, ही आपली रीत. म्हणजे भिंगाचा दोष नेमका कोणाच्या तोंडावर उमटतो, ते पाहावे. वर्षानुवर्षे कडेला उभी राहिलेली बाई 'मी फोटोत जाड दिसते' असे म्हणते आणि आपण तिला जेवण कमी करण्याचा सल्ला देतो. मुलांना आम्ही सांगतो की, मागे जा, कडेला मोकळी जागा ठेवा, आणि मधल्या खुर्चीवर दर वेळी त्याच माणसाला बसवू नका.

प्रकाशाचे प्रकरण याहून नाजूक आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे, असे गृहीत धरून चालतो. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस उभा केला, तर भिंतीच्या झगझगाटामुळे यंत्र एकंदर प्रकाश कमी करते आणि चेहऱ्यावरचे डोळे, गालाचे हाड, कपाळाची आठी असे सारे तपशील काळोखात बुडतात. आजचे फोन चेहरा ओळखून थोडीफार दुरुस्ती करतात, तरी मुळातली ही खोड गेलेली नाही. त्यावर उपाय सोपा आहे. भिंतीपासून माणूस दूर आणावा, खिडकीकडे तोंड करून बसवावा, वरचा दिवा बंद करावा. सावळ्या चेहऱ्यावर खिडकीचा तिरपा उजेड जे करतो ते कोणत्याही पावडरीने होत नाही.

अशा 'दोषां'ची निवड नेहमी यंत्रच करते असेही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंगीत छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो पुरवीत असे. त्यात गोऱ्या वर्णाची स्त्री असे, आणि त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा ठीक उतरली म्हणजे रंग ठीक आले, असा तो हिशेब. गडद वर्णाची माणसे त्या हिशेबात बसत नसत आणि त्यांचे चेहरे सपाट, मातकट येत. पुढे फिल्ममध्ये सुधारणा झाली तिला लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारी कारण झाल्या, असे त्या कंपनीतल्याच लोकांनी नंतर अभ्यासकांना सांगितले. लाकडाच्या छटा नीट दिसेनात, तेव्हा दखल घेतली गेली! माणसे मात्र तोवर 'फोटोत चांगली येत नाही' असे स्वतःलाच म्हणत राहिली.

यावर कोणी म्हणेल की, जबाबदारी काढणाऱ्याची, तर मग त्याने चेहरा थोडा उजळ करून दिला तर काय बिघडले? आक्षेप हलका नाही. जुन्या स्टुडिओंत काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या आणि देवीचे व्रण झाकणारे कारागीर असत, आणि त्यांना कोणी खोटारडे म्हटले नाही. पेन्सिलीचे ते काम दयेपोटीही होत असे. देवीच्या व्रणांनी आयुष्यभर मान खाली घालून वावरलेल्या माणसाला एका कागदावर तरी मान वर करता आली, तर त्याचा हेवा कोणी करू नये.

पण येथे एक भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. व्रण झाकायला त्या माणसाने सांगितले होते का? आज फोनमध्ये 'सौंदर्या'ची सोय असते; काही फोनांत ती न सांगताच चालू असते. ती त्वचा गुळगुळीत करते, रंग उजळवते, कधी हनुवटीही निमुळती करते. हे करताना ती कोणाला विचारीत नाही. मुलीच्या हाती तिचाच फोटो येतो आणि न बोलता तिला सांगितले जाते की, तुझा मूळ चेहरा दाखवण्याजोगा नव्हता. म्हणजे तेच जुने वाक्य, फक्त गोड आवाजात. स्थळ पाहण्यासाठी पाठवायच्या फोटोंत तर हे फारच घडते, आणि त्यात फसवणूक समोरच्यांची होते असे आपण समजतो. आमच्या मते पहिली फसवणूक त्या मुलीचीच होते. चहापोहे घेऊन ती बाहेर येते तेव्हा पाहुण्यांची नजर आधी फोटो आठवते आणि मग तिच्याकडे वळते. ती क्षणभराची तुलना तिला दिसते. जो फोटो तिला मदत करायला काढला, त्याच्याशीच तिची स्पर्धा लावून दिलेली असते.

चांगला चेहरा म्हणजे कोणता, हे तरी शेवटी कोण ठरवणार? फ्रेंच लेखक रोलाँ बार्त यांचे छायाचित्रावरील पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. आई गेल्यानंतर तिचे फोटो चाळताना त्यांना ती खरी भेटली ती तिच्या वयाच्या पाचव्या वर्षीच्या एका जुन्या फोटोत. पुस्तकाचा अर्धा भाग त्या एका फोटोभोवती फिरतो, आणि पुस्तकात इतर कितीतरी छायाचित्रे असूनही नेमका तोच त्यांनी छापलेला नाही. इतरांना तो कोणत्याही जुन्या फोटोसारखाच वाटेल, हे ते जाणून होते. फोटो 'चांगला' आहे हे परक्याच्या पसंतीवरून ठरत नाही, घरचा माणूस त्यात ओळखू येतो यावरून ठरते. मुलांना आम्ही हेच माप देतो. आजीचा फोटो काढलास ना, मग तो आत्याला दाखव. आत्या 'छान आहे' म्हणाली तर पुन्हा काढ, 'अगदी आई!' म्हणाली तर ठेव.

मग 'हसा' म्हणावे की नाही? जुन्या फोटोंत कोणी हसत नाही याचे कारण पूर्वी फार वेळ स्थिर बसावे लागे, असे सांगतात. १८३९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांपुरते ते खरे आहे, त्या काळी डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधारही लावीत. पण १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि चांगल्या उजेडात सेकंदाचा अंशही पुरू लागला. तरी आपले पूर्वज पुढे पन्नास वर्षे गंभीरच बसले. त्यांच्या दृष्टीने फोटो हा मागे राहणाऱ्यांशी बोलण्याचा प्रसंग होता, आणि अशा वेळी दात दाखवणे त्यांना शोभणारे वाटत नव्हते. आम्हाला त्यांचे म्हणणे पटते. हसू आले तर घ्यावे, मागून घेऊ नये. विशेषतः ज्या घरात नुकतेच काही घडून गेले आहे, तेथे हातात फोन असलेल्या माणसाने 'जरा हसा ना' म्हणणे हा अधिकाराचा अतिरेक होय.

आणि नकाराचे काय? फोटोने आयुष्य कमी होते, असे म्हणणाऱ्या आजीची आपण गंमत करीत आलो. पण समजुतीच्या आड एक साधी मागणी होती, ती म्हणजे माझे रूप माझ्या संमतीवाचून दुसऱ्याच्या हाती जाऊ नये. हैदराबादला लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला. पडदानशीन स्त्रियांचे फोटो तेथे एक युरोपीय बाई काढीत, आणि जागा परक्या नजरेपासून राखलेली असे. दीनदयाळ मूळचे इंदूरच्या बांधकाम खात्यातले नोकर, छायाचित्रण त्यांनी तेथेच हाती घेतले. या व्यवस्थेत पडदापद्धतीला दिलेली मान्यता आहे, हे खरेच. तरी त्यात एक समज आम्हाला दिसते. स्त्रिया येत नाहीत, म्हणून त्यांना दोष न देता त्यांनी ती जागाच बदलली. आज घरच्या समारंभात न विचारता घेतलेला फोटो दहाव्या मिनिटाला दोनशे नातेवाइकांच्या फोनवर असतो. एखादी काकू तोंडावर पदर घेते तेव्हा तिला जुन्या वळणाची समजण्याआधी फोन खाली करावा. मग दुसऱ्या दिवशी, गर्दी नसताना, खिडकीपाशी बसून तिला विचारावे. दहांतल्या सात जणी 'हो' म्हणतात, असा आमचा अनुभव आहे. उरलेल्या तिघींचा नकार तो नकार.

काढलेल्या फोटोतून माणूस वजा करणे हा वेगळा विषय आहे, पण तो टाळता येत नाही. जुन्या अल्बममध्ये कात्रीने अर्धे केलेले फोटो असतात. घटस्फोट घेऊन गेलेली सून, भावकीच्या दाव्यात दुरावलेला भाऊ. आता कात्रीही लागत नाही, फोनवर बोट फिरवले की माणूस जातो आणि मागची भिंत आपोआप भरून येते. कात्री निदान व्रण ठेवीत होती. येथे कोणीतरी होते, एवढे तरी पुढच्याला कळत होते. फोटो पाहवत नसेल तर ट्रंकेत तळाशी ठेवावा, पण भिंत भरून काढू नये. त्या दिवशी ती तेथे होती, हे आता फोटोखेरीज कोण सांगणार?

काढणारा स्वतः फोटोत नसतो, ही जुनी गोष्ट. आगफा क्लिक-३ हा साधा कॅमेरा बडोद्यात तयार होई आणि आपल्यापैकी पुष्कळ घरांत तो होता. एका रोलमध्ये बारा फोटो. म्हणून प्रत्येक वेळी सर्वांना नीट उभे करून, श्वास रोखून बटण दाबले जाई. ज्या काकांनी पंधरा-वीस वर्षे घराचे सारे सण टिपले, त्यांचा स्वतःचा फोटो पुष्कळदा ओळखपत्रावरचाच निघतो. फार तर एखाद्या फोटोत अंगणात पुढे पडलेली त्यांची सावली. मुलांना म्हणून आम्ही एक नियम घातला आहे की, शेवटचा फोटो दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगायचा, आणि शक्यतो ज्याच्या हाती कॅमेरा कधी दिला जात नाही त्याला. फोटो वाकडा येतो. तो ठेवायचा.

फोटो छापून घ्यावेत आणि मागे मऊ पेन्सिलीने, कडेच्या बाजूला, हलक्या हाताने नावे लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. वर्ष, गाव, बसलेले डावीकडून, उभे डावीकडून. जुन्या फोटोंमागे पुरुषांची नावे पूर्ण आहेत आणि स्त्रिया 'सौ. काकी', 'धाकट्या वहिनी' अशा आहेत. त्या कोण, हे सांगू शकणारे आता नव्वदीत आहेत. त्यांच्याकडे या दिवाळीत अल्बम घेऊन जावे, सासरचे नाव लिहावे, आणि आठवत असेल तर त्यापुढे माहेरचेही.