शांताबाईंचा वस्तरा

आपणांतील कित्येकांस बापाचा धंदा सांगण्याची लाज वाटते. त्यांनीं गडहिंग्लज तालुक्यांतील हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांजकडे पाहावें. १९८४ सालीं पति वारले, पदरीं चार मुली, आणि मजुरीनें पोट भरेना. हरिभाऊ कडूकर यांनीं सुचविलें, व बाईंनीं पतीचाच वस्तरा हातीं घेतला. स्त्रीनें पुरुषाची दाढी करावी! लोक हंसले. पण ज्या डोक्यावरील केंस देव मोजितो, त्यास हात लावण्यांत कमीपणा तो कसला? रुपया घेऊन त्या शेजारच्या गांवींहि हजामत करीत. जनावरें भादरलीं, मुलींचीं लग्नें केलीं. पुढें गांवांत सलून निघालें, तरुण तिकडे गेले. सत्तरीच्या शांताबाईंपुढें मात्र कांहीं जुनीं डोकीं वांकतच राहिलीं.