उशाशी बसलेले माणूस



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईरच्या बारा वर्षांच्या मुलीची हकिगत येते. प्रभू येशू तिच्या घरी जातो, रडारड करणाऱ्यांना बाहेर काढतो आणि आईबाप व तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतो. मुलगी उठून चालू लागते. आपण बहुधा येथेच थांबतो. पण प्रभूने यानंतर आणखी एक गोष्ट सांगितली: तिला काही खायला द्या. उठवले प्रभूने, भरवायचे मात्र घरच्यांनी.

आपल्या मिरा-भाईंदरमधील कितीतरी घरांत आज असे भरवणे चालू आहे. मोठे ऑपरेशन मुंबईला होते, आठवड्याभरात रुग्ण घरी येतो आणि त्याच्याबरोबर अर्धे इस्पितळही येते. नाकातली नळी, लघवीची पिशवी, ऑक्सिजनचे यंत्र. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. नर्सबाई तीन-चार वर्षे शिकून जे काम करतात, ते घरच्या सुनेला डिस्चार्जच्या घाईत पाच मिनिटांत समजावले जाते. मग लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, ती आणि तो पलंग.

२०२० साली कोविडच्या काळात सरकारने सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच राहण्याची मुभा दिली. तिला एक अट होती: चोवीस तास काळजी घेणारे माणूस घरात हवे. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली गेला की कसा जीव उडायचा, हे आपण विसरलेलो नाही. पण कागदावर एका ओळीत मावलेले ते माणूस कोण होते? बहुतेक घरांत एकच बाई. ती झोपते कधी, हे आपण तेव्हा विचारले नाही आणि आजही विचारत नाही. आपण सफरचंदे घेऊन भेटीला जातो, अर्धा तास बसतो, आणि चहाही तिलाच करायला लावतो!

पक्षाघाती माणसाला प्रभूकडे आणणारे चौघे होते, असे संत मार्क मुद्दाम नोंदवतो. प्रभूने त्याला बरे केले आणि बाज उचलून घरी जायला सांगितले. आपल्याकडे ते चौघांचे ओझे एकीच्याच खांद्यावर पडते. घरात मुलगे असतील तर रात्रीची एक पाळी त्यांची असावी. शेजाऱ्यांनी रविवारी दोन तास रुग्णाजवळ बसावे आणि तिला मिस्साला पाठवावे. ती मिस्साला न जाता झोपली, तर प्रभूची हरकत नसावी असे आम्हाला वाटते.

आणखी एक. फादरांना बोलावले म्हणजे आशा संपली, ही भीती अजून गेलेली नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली रुग्णाभ्यंगाचा विधी नव्याने घालून दिला. गंभीर आजारात, थकलेल्या म्हातारपणी, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही हा संस्कार घेता येतो, आणि दुखणे उलटले तर पुन्हाही. म्हणून शुद्ध हरपण्याची वाट पाहू नये. घरी पवित्र ख्रिस्तशरीर हवे असल्यास तसेही कळवावे. त्या वेळी उशाशी बसणाऱ्या व्यक्तीलाही ते देता येईल. मात्र ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवू नये. नुसता क्रूस मांडला तरी पुरे.