दिसायला चांगली नदी

मामा पहिल्यांदाच केरळात आले तेव्हा मी त्यांना अतिरप्पिळ्ळीला नेले. कोचीत राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे आले की तो त्यांना तिथे नेतोच. चालक्कुडी नदी तिथे ऐंशी फुटांवरून खाली पडते. भारतात ज्यांनी हा धबधबा प्रत्यक्ष पाहिलेला नाही त्यांनीही बहुधा पाहिलेलाच असतो, कारण ‘गुरू’, ‘रावण’, ‘बाहुबली’ अशा किती तरी सिनेमांनी तो वापरला आहे. मामा सिनेमे पाहत नाहीत. ते कठड्याला धरून बराच वेळ उभे होते आणि मी शेजारी उभी राहून सांगत होते, की याच्या वरच्या अंगाला धरण व्हायचे होते, तीन-चार दशके लोक त्याच्याविरुद्ध उभे आहेत, आणि धरण अजून झालेले नाही.

मामांचे गाव कोयनेच्या पाण्याखाली गेले. तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. घाट उतरून रायगड जिल्ह्यात आले ते कायमचे. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, “एवढी माणसं हिच्यासाठी उभी राहिली, बरं झालं. पण आमच्यासाठी कोण उभं राहिलं? आमची नदी काय दिसायला वाईट होती?”

मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न रुसव्याचा आहे असे समजून मी तो सोडून दिला असता, पण तो रुसव्याचा नाही. एखादी जागा सुंदर आहे, हे ती वाचवण्याचे कारण होऊ शकते का? आणि होत असेल, तर जी जागा सुंदर नाही, किंवा जिच्या सौंदर्याची कोणाला खबरच नाही, तिचे काय?

आधी अतिरप्पिळ्ळीची हकीकत. योजना १६३ मेगावॉटची. धरण फार उंच नाही, तेवीस मीटरचे; बुडणारे क्षेत्र साधारण शंभर हेक्टर. आकडे ऐकले तर कोयनेच्या मानाने खेळणेच वाटेल. पर्यावरणाची परवानगी मिळाली, उच्च न्यायालयाने ती २००१ मध्ये अडवली. जनसुनावणी झाली, लोकांनी विरोध केला. पुन्हा परवानगी मिळाली, २००६ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. २००७ मध्ये पुन्हा मिळाली. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने ही योजना होऊ देऊ नये असे स्पष्ट सांगितले. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने दार थोडे किलकिले ठेवले. २०२० मध्ये राज्य सरकारने वीज मंडळाला सात वर्षांचे ना हरकत पत्र दिले आणि पुन्हा गदारोळ झाला. म्हणजे नदी ‘वाचली’ असे कोणत्याही वर्षी म्हणता आलेले नाही. फक्त त्या त्या वर्षापुरती ती बुडाली नाही.

या सगळ्यात योजनेच्या बाजूने एक आश्वासन दिले गेले होते. धबधबा बंद होणार नाही, त्यावरून ठरावीक पाणी आम्ही सोडत राहू, पर्यटकांना तो दिसत राहील. हे आश्वासन मला या साऱ्या वादातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट वाटते. समजा, ते प्रामाणिकपणे पाळले गेले. पाहणाऱ्याला कठड्यावरून तेच दृश्य दिसले, तेच तुषार, तोच आवाज. मग तक्रार कशाची?

पटकन सुचणारे उत्तर असे, की तो खरा धबधबा नव्हे, नळ सोडल्यासारखा आहे. पण ते उत्तर टिकत नाही, कारण आजचाही धबधबा पूर्णपणे आपल्या मर्जीने पडत नाही. वर पेरिंगळकुत्तूचे वीजघर १९५७ पासून आहे, त्याच्याही वर शोलयार आहे, परंबिकुळमचे पाणी डोंगरापलीकडे तमिळनाडूत जाते. पावसाळा सरल्यावर वरचे वीजघर जसे चालते तसा खाली प्रवाह कमी-जास्त होतो. संध्याकाळी शहरांत दिवे लागतात तेव्हा नदी फुगते. आपण ज्याला निसर्ग म्हणून टाळ्या वाजवतो त्याचे वेळापत्रक काही अंशी एका नियंत्रण कक्षात ठरते. तेव्हा ‘शुद्ध निसर्ग’ या भूमिकेवरून इथे भांडता येत नाही.

प्रेक्षणीय म्हणून नदी वाचवायला गेलो तर प्रेक्षणीय तेवढे राखून बाकी नेण्याची मुभा आपणच दिलेली असते. दृश्य हे कापून वेगळे काढता येते. त्याला चौकट असते, कठडा असतो, तिकीट असते. नदी अशी कापता येत नाही.

हे तिथल्या लोकांनी आमच्या फार आधी ओळखले. लता अनंता कृषी खात्यात काम केलेल्या. ते सोडून त्या नदीच्या कामाला लागल्या आणि २०१७ मध्ये गेल्या. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी जे केले त्यात काव्य कमी आणि हिशेब जास्त होता. नदीत पाणी किती येते याचे मंडळाचे आकडे त्यांनी तपासले. तुंबूरमुळीच्या बंधाऱ्यावरून शेतीला जाणारे पाणी कोणत्या महिन्यात कमी पडते, खाली समुद्राकडच्या गावांत खारे पाणी किती आत शिरते, पंचायतींच्या पिण्याच्या पाण्याच्या योजना कशावर चालतात, हे सगळे त्यांनी मांडले. धबधबा या हिशेबात एक ओळ होता. धरण झाले असते तर दिवसभर अडवलेले पाणी संध्याकाळी काही तासांत सुटले असते. धबधब्याला त्याचा वाटा मिळाला असता. पण पहाटे नदीवर येणाऱ्या शेतकऱ्याचे वेळापत्रक त्या वाट्यात नव्हते.

आणि वरच्या रानात काडर आहेत. काडु म्हणजे रान, काडर म्हणजे रानातले. अनमलै डोंगररांगांत मिळून त्यांची संख्या दोन हजारांच्या आत-बाहेर. वाळच्चाल आणि पोकलप्पारा या वस्त्या धरणाच्या पाण्याच्या अगदी तोंडाशी आल्या असत्या. यापूर्वीच्या धरणांनी या माणसांना एकदा नव्हे, अनेकदा हलवलेले आहे. म्हणजे मामांचे भाऊबंदच. नदीकाठच्या त्या सखल रानात दक्षिणेतले चारही धनेश सापडतात. एके काळी काडर त्यांची पिल्ले ढोलीतून काढत. पुढे तेच लोक वन खात्याबरोबर त्याच ढोल्यांची राखण करू लागले. कोणते झाड, कोणती ढोली, मादी कधी आत बसली, नर काय आणतो, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना नदी सुंदर वाटत नाही असे म्हणणे आगाऊपणाचे होईल. पण ती त्यांच्यासाठी देखावा नाही. मासा, मध, बांबू, औषध, वाट, हद्द, मेलेल्या माणसांची आठवण, हे सारे तिथे आहे, आणि यातले काहीही कठड्यावरून दिसत नाही.

इथपर्यंत आल्यावर सौंदर्याला निकालात काढून मोकळे व्हावे असा मोह होतो. मी तो आवरते, कारण मग मी अप्रामाणिक ठरेन. मी काडरांच्या वस्तीबद्दल ऐकले ते धबधब्यामुळे. तो नसता तर चालक्कुडी नदीचे नावही मला माहीत नसते. (या नदीला मलयाळममध्ये ‘पुऴा’ म्हणतात. ते शेवटचे अक्षर इतक्या वर्षांनीही माझ्या जिभेवर नीट बसत नाही. आपला ‘ळ’ त्याच्या शेजारच्या गल्लीत राहतो.) सौंदर्य परक्या माणसाला दारापर्यंत आणते. आत जायचे की फोटो काढून परतायचे, हे नंतरचे.

आणि सौंदर्य नेहमी दृश्यच असते असेही नाही. याच केरळात १९७० च्या दशकात कुंतीपुऴेवरच्या सायलेंट व्हॅलीच्या धरणाविरुद्ध शास्त्र साहित्य परिषद उभी राहिली, सुगतकुमारींसारखे कवी उभे राहिले. ते रान इतके दुर्गम, की त्याच्यासाठी सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते डोळ्यांनी पाहता आले नसणार. तरी त्यांना ते सुंदर वाटले. न पाहिलेल्या जागेबद्दल, ती आपल्याशिवाय तिथे असावी, एवढीच इच्छा. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. यात कठडा नव्हता.

आपल्याकडे हा मार्ग फारसा चालला नाही. १९२१ मध्ये मुळशीत मावळे शेतकरी आणि सेनापती बापट धरणाविरुद्ध उभे राहिले. जगातल्या अशा पहिल्यावहिल्या लढ्यांत त्याची गणना होते. मुंबईला वीज हवी होती आणि मुळशीचे म्हणणे होते, आमची जमीन. सरळ, न्याय्य म्हणणे. ते हरले. कोयनेच्या वेळी तर तेवढेही झाले नाही. स्वातंत्र्य नवे होते, कोयना ही महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी होती, आणि लक्ष्मी घरात येताना उंबऱ्यावर कोण उभे आहे हे कोणी पाहत नाही. मराठी घरात जन्मून गुजरातीचे मोठे गद्यलेखक झालेले काका कालेलकर यांनी नद्यांवरच्या आपल्या पुस्तकाला ‘लोकमाता’ असे नाव दिले. नदीला आई म्हणायला आपण कधी कमी पडलो नाही. आईचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

आता दुसरी बाजू. केरळ आपली निम्म्याहून बरीच अधिक वीज बाहेरून घेते. त्यातली काही ओडिशातल्या तालचेरहून येते, काही नैवेलीहून, कोळसा जाळून. तालचेरला कोणी सहल काढत नाही. तिथल्या धुराखाली, खाणींच्या कडेला राहणाऱ्यांच्या बाजूने सिनेमावाले बोलत नाहीत. मग अतिरप्पिळ्ळीला नको म्हणणाऱ्या माझ्या घरातला पंखा कोणाच्या अंगणावर चालतो? सुंदर जागा वाचवताना आपण किंमत कुरूप जागेवर ढकलतो का? १६३ मेगावॉटने हा प्रश्न सुटला नसता, योजनेची वीज संध्याकाळच्या गर्दीच्या तासांपुरती होती, हे सगळे खरे आहे आणि मी ते वादात वापरलेलेही आहे. तरी प्रश्न उरतो. मामांच्या प्रश्नाचीच ही दुसरी बाजू आहे. मला तो उडवून लावता येत नाही, आणि तो आहे म्हणून ही नदी सोडून द्यावी असेही वाटत नाही. एका ठिकाणी अन्याय झाला म्हणून दुसरीकडेही तो व्हावा, ही समता नव्हे. मामांनाही ती नको होती. त्यांना फक्त कोणी तरी विचारायला हवे होते.

विचारण्याचा प्रश्न इथे निदान कागदावर तरी आला आहे. २०१४ मध्ये वाळच्चाल भागातल्या नऊ काडर वस्त्यांना वनहक्क कायद्याखाली सुमारे चारशे चौरस किलोमीटर रानावर सामूहिक हक्क मिळाले. आता तिथे काही करायचे तर ग्रामसभेला विचारावे लागेल. आम्ही शहरातली नदीप्रेमी मंडळी या गोष्टीने खूश झालो. पण आमचा आनंद मला थोडा संशयास्पद वाटतो. ग्रामसभा ‘नाही’च म्हणेल असे गृहीत धरून आम्ही खूश आहोत. उद्या एखादी ग्रामसभा म्हणाली, आम्हाला रस्ता द्या, दवाखाना द्या, मुलांना नोकऱ्या द्या, आणि बांधा तुमचे धरण, तर? तेव्हा मी त्यांचा हक्क मानीन की मला माझा धबधबा आठवेल? मी प्रामाणिकपणे सांगते, मला धबधबा आठवेल. मी त्यांच्याशी वाद घालायला जाईन. तो वाद घालण्याचा मला अधिकार आहे असेही मला वाटते, कारण हे रान, ते धनेश आणि खालची गावेही त्या निर्णयात आहेत. पण निर्णय माझा नसेल. परक्या माणसाचे प्रेम खरे असू शकते आणि तरीही त्याला मत नसू शकते, हे मान्य करणे मला जड जाते.

हे सगळे मी त्या दिवशी मामांना सांगितले नाही. आम्ही पायवाटेने धबधब्याच्या खाली उतरलो. मामांना पाण्याला हात लावायचा होता. ते खडकांवरून जपून पुढे गेले, वाकले, तेवढ्यात रखवालदाराने शिट्टी वाजवली. मी त्याच्याकडे गेले. वरून पाणी सोडतात, कधी वाढेल नेम नाही, तो म्हणाला, आजोबांना मागे बोलवा.

मी हाक मारली. मामा परतले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता. मी पिशवीतून पंचा काढून पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला. चालक्कुडीला बस मिळेपर्यंत हात वाळून गेला होता.