विकतचा प्रोजेक्ट आणि मोजमापाची इभ्रत

पनवेल तालुक्यातल्या खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. कर्करोगावर तिथे प्रोटॉन किरणांचे उपचार होतात. किरण गाठीवरच पडावेत, शेजारचा निरोगी भाग वाचावा, म्हणून गाठीची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने कळावी लागते. अशी गाठ शोधणाऱ्या पेट स्कॅनमध्ये बारीक स्फटिकांचे पिक्सेल शरीरातून विरुद्ध दिशांना निघालेले दोन फोटॉन टिपतात आणि त्यावरून चित्र उभे राहते.

पिक्सेल लहान केले की चित्र स्पष्ट होते, पण त्यालाही मर्यादा आहे. फार लहान केले की एकाच कणाचा संकेत दोन-तीन पिक्सेलांत विभागतो. शेजारी गेलेला क्षीण वाटा गोंगाट समजून टाकून दिला, तर नेमकेपणाही त्याच्याबरोबर जातो. शेजारशेजारच्या 100 मायक्रॉनच्या दोन पिक्सेलांत 70 आणि 30 असे वाटे पडले, तर कण पहिल्याच्या मध्यापासून दुसऱ्याकडे साधारण 30 मायक्रॉनवर गेला, असा अंदाज बांधता येतो. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात हेच साधले. 100 मायक्रॉनचा एकटा पिक्सेल सुमारे 29 मायक्रॉन चुकला असता. तिथे चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतभार तिरका सरकतो, शेजाऱ्यांत वाटला जातो आणि चूक 10 मायक्रॉनच्या आसपास येते. मात्र त्यासाठी प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता आधी मोजून ठेवावी लागते.

असे नेमके काम भारतात जमत नाही असे नाही. याच प्रयोगासाठी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सिलिकॉन डिटेक्टर विकसित केले आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते घडवले.

आणि आपल्या मुलांना आपण काय शिकवतो? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तयार प्रोजेक्ट विकत मिळतो. पालक पैसे देतात, ‘ब्लॅक बुक’ म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल बांधला जातो, परीक्षक सही करतात. पदवी मिळते, पण चूक किती हे स्वतः मोजण्याची सवय लागतच नाही. ही फसवणूक आहे, आणि तिच्यात आपण सगळे भागीदार आहोत.

शिक्षकांनी सुबक निकालापेक्षा प्रामाणिक मोजणीला गुण द्यावेत. न जुळलेला आकडा खोडू नये, त्याचे कारण विचारावे. पालकांनी विकतच्या प्रोजेक्टला एक रुपयाही देऊ नये. उद्या कुणाच्या तरी आईच्या गाठीची जागा ही मुले ठरवणार आहेत. त्यांना आजच खरे मोजायला शिकवा.