साक्षर, सुशिक्षित आणि शहाणा

गोदावरीकाठच्या बासर येथे ज्ञानसरस्वतीचे मंदिर आहे. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या या गावी नांदेडकडील मराठी कुटुंबेही मुलांना अक्षराभ्यासासाठी आणतात. तेलुगूतील ‘ओनमालु’ आणि मराठीतील ‘ओनामा’ ही एकाच धूळपाटीवरची भावंडे. येथे देवी ज्ञानाची आहे, पण मूल गिरवते ते अक्षर. या दोहोंतील अंतर आपण ओळखतो का?

इंग्रजीत लिटरेट, एज्युकेटेड, लर्नेड आणि वाइज हे शब्द शेजारी नांदतात, तरी एकमेकांची जागा घेत नाहीत. ‘लिटरेट’ला अक्षरओळख पुरते, ‘वाइज’ला बऱ्यावाईटाचा विवेक लागतो. न्यायालयात तर प्रतिपक्षाच्या वकिलालाही शिष्टाचार म्हणून ‘लर्नेड’ म्हटले जाते. तेथे तो शब्द विद्वत्तेची साक्ष देत नाही. मराठीतही साक्षर, सुशिक्षित, विद्वान आणि शहाणा अशी उतरंड आहे. शेजारच्या गुजरातीत मात्र ‘साक्षर’ म्हणजे साहित्यिक विद्वान.

आपले वाक्प्रचार या बाबतीत अधिक सावध आहेत. रामदासांनी दासबोधात ‘पढतमूर्खा’ची लक्षणे स्वतंत्र समासात सांगितली. ‘दीडशहाणा’ म्हणताना आपण अर्धे शहाणपण वाढवून सगळेच काढून घेतो. ‘साक्षरा’ उलटे वाचले की ‘राक्षसा’ होते, हा संस्कृत शब्दखेळही जुनाच. उलट बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली आणि ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांना ‘अडाणी’ म्हणण्यास कोण धजेल?

परंतु येथेच थांबलो तर तो सुशिक्षितांचा सोयीस्कर भाबडेपणा ठरेल. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याजवळ शहाणपण नव्हते असे नाही. नव्हते ते अक्षर, आणि तेवढ्यावर त्याची जमीन जाऊ शकत असे. जोतीराव फुल्यांनी विद्येच्या अभावाला अनर्थाचे मूळ मानले, ते याच अर्थाने. अक्षरावाचूनही माणूस शहाणा होऊ शकतो, हे अक्षर नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

दोष अक्षराचा नाही, शब्दांच्या सरमिसळीचा आहे. ‘अंगठाछाप’ ही कौशल्याच्या अभावाची नोंद असताना आपण ती शिवी केली आणि ‘सुशिक्षित’ या शब्दाला सद्वर्तनाचे प्रमाणपत्र फुकट जोडून दिले. २००८ पासून बासर येथे ‘नॉलेज टेक्नॉलॉजी’चे विद्यापीठही आहे. तेथील पदवी आणि मंदिरातले पहिले अक्षर, दोन्ही मोलाची. मात्र त्यांच्या बळावर दुसऱ्याला अडाणी ठरवणाऱ्याने आपण या उतरंडीत कोठे उभे आहोत, हे आधी तपासावे.