पादुकांचा कारभार



आजचं वाचन अयोध्याकांडाच्या शेवटाचं. भरत रामाच्या पादुका घेऊन परततो, नंदिग्रामात राहतो, पादुका सिंहासनावर ठेवतो आणि राज्याचं प्रत्येक काम आधी त्यांना निवेदन करून मगच करतो. तब्बल १४ वर्षं!

मला यात माझी नोकरी दिसते. लातूरची आमची कंपनी डॉक्टर, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांच्या संघटनांचा कारभार बघते. लातूर-नांदेडच्या सभासदांची यादी, वर्गणी, सर्वसाधारण सभेची नोटीस, निवडणूक, परिषदेची नोंदणी. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. काम सगळं आमचं, संघटना मात्र आमची नाही.

मग ती कुणाची? हा प्रश्न एका फोनने समोर आणला. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला ५ वर्षांत ३० क्रेडिट लागतात. नांदेडच्या एका कार्यक्रमानंतर एका पदाधिकाऱ्यांनी, न आलेल्या दोघांची नावं हजेरीत घालायला सांगितलं. मी म्हणालो, "सर, सही नाही, नाव कसं पाठवू?" ते म्हणाले, "अहो, एवढं कामून ताणायलाव? संघटना आमचीच हाय की!"

मी नावं पाठवली नाहीत. आमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय आणि त्यावर सही त्यांचीच लागते. साहेब म्हणतात, क्लायंटचं ऐकणं हाच आपला धर्म. हे म्हणणं अगदीच चूक नाही. पगार त्यातूनच येतो, आणि नोकराने मालकाला शहाणपण शिकवू नये हेही खरं.

पण भरताकडे बघा. वसिष्ठ, मंत्री, समोरचे सगळेच त्याला गादी घे म्हणत होते. वडिलांचा शब्दही त्याच्याच बाजूने होता. तो मात्र जो समोर नव्हता त्याच्याशी इमान राखून राहिला. आणि राम परत आल्यावर म्हणाला, कोश, कोठार बघून घ्या, सगळं दसपट केलंय. म्हणजे हिशेबही चोख!

संघटनेत समोर नसलेले कोण? सभेला कधी न येणारा, तरी वर्गणी वेळेवर भरणारा तालुक्याचा सभासद. दिवसभर बसून क्रेडिट कमावलेली डॉक्टर. आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेला पेशंट, ज्याच्यासाठी हा ३० चा नियम आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातही पदाधिकारी विश्वस्तच असतात, मालक नाही. म्हणजे तेही भरतच, आणि आम्ही त्यांच्या हाताखालचे कारकून. पादुका दोघांनाही सारख्याच.

करार राहील की जाईल, माहीत नाही. पण आज्ञा कुणाची पाळायची हे मला आता कळतं.

आज ऑफिसात कुणी काही सांगितलं तर मनात एवढंच विचारून बघा: या निर्णयात समोर नसलेला कोण आहे? त्याला निवेदन करून मग कामाला लागा.

जय श्रीराम. उद्या भेटू.